आधी श्वास मोजा, मग रिपोर्ट मागा

खोकल्याची साथ आली की परंडा तालुक्यातल्या पालकांच्या हातात औषधाआधी लॅबची पावती पडते. सोनारीतल्या दीड वर्षाच्या एका पोराच्या फाइलमध्ये या आठवड्यात सीबीसी होती, सीआरपी होती आणि टायफॉइडची विडालही होती (ती कशासाठी, हे ग्रामदैवत भैरवनाथालाच ठाऊक). श्वास मिनिटाला किती, याची नोंद मात्र कुठेच नाही.

खरा आकडा तोच. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक भरला, की खोकल्याच्या मुलाला न्यूमोनिया धरून उपचार सुरू करायचे. खर्च शून्य. मूल शांत असताना झबले वर करून पूर्ण मिनिटभर छातीकडे बघायचे.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने हेच केले. गावातल्या आरोग्यसेवकांनी आणि सुइणींनी न्यूमोनिया ओळखून औषध दिले. १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले: उपचार केलेल्या ६१२ आजारांत मृत्यू ०.८ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १३.५ टक्के. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मण्यांचे श्वासमापक बनवले गेले. पदवीधरांना मात्र मिनिटभर वेळ नाही!

म्हणून लॅब नको असे नाही, नेमकी हवी. दाह दाखवणारी सीआरपी वाढल्याने जंतू कोणता ते कळत नाही. लहान मुले बेडका थुंकत नाहीत, गिळतात. नाकातला स्वॅब फसवा, कारण न्यूमोनियाचा जंतू न्यूमोकोकस धडधाकट मुलांच्या नाकातही मुक्कामाला असतो. उरते ब्लड कल्चर. त्यातही न्यूमोनियाच्या शंभरातल्या जेमतेम काही मुलांत जंतू सापडतो, आणि अँटिबायोटिक टोचून झाल्यावर रक्त काढले तर तेवढीही आशा उरत नाही. दाखल होणाऱ्या गंभीर मुलाचे रक्त पहिल्या डोसाआधी घ्यायला हवे. त्यापायी डोस मात्र लांबता कामा नये.

लसीचेही तेच, वेळ चुकते. न्यूमोकोकसची लस २०२१ पासून राज्यात मोफत आहे, पण नवव्या महिन्याचा डोस ऊसतोडीच्या हंगामात आला की राहतो. फडावर जाऊन तो कोण देणार?

ज्या परंडा मतदारसंघाचे आमदार २०२२ ते २०२४ राज्याचे आरोग्यमंत्री होते, तिथल्या प्रत्येक केसपेपरवर श्वासाचा रकाना सक्तीचा करावा. तोवर पालकांनी पावती घेण्याआधी डॉक्टरांना श्वास किती भरला, ते विचारावे.

– एक पालक, सोनारी (ता. परंडा, जि. धाराशिव)