जात कोणाच्या शब्दांत लिहावयाची?

१ मार्च २०२७ ही संदर्भतिथी असलेल्या जनगणनेत प्रत्येकाची जात नोंदवावयाची, असे केंद्र सरकारने २०२५ साली ठरविले. १९३१ नंतर जनगणनेत सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झालेले नाहीत. जात विचारावी की विचारू नये, यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. परंतु मिळालेले उत्तर कोणाच्या शब्दांत लिहावयाचे, याची चर्चा फारशी झाली नाही. आमच्या मते खरा वाद तेथेच आहे. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या हाती सरकारी लेखणी असल्यामुळे तो त्यांच्यापुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

एक पक्ष म्हणतो की, लोकांच्या तोंडच्या नावांवर भिस्त ठेवली की गोंधळ माजतो. पुरावा म्हणून २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेचा दाखला दिला जातो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगितले की, १९३१ साली ४,१४७ जाती होत्या, तर २०११ च्या गणनेत ४६ लाखांहून अधिक नावे आली. एकट्या महाराष्ट्रात याद्यांतील जाती ४९४, तर नोंदलेली नावे ४,२८,६७७. तेव्हा प्रगणकाच्या हाती पक्की यादी द्यावी आणि तीतील एका नावावर त्याने खूण करून मोकळे व्हावे, असा या पक्षाचा तोडगा आहे.

आम्हांस हा इलाज रोगापेक्षा भयंकर वाटतो. जात, पोटजात, कुळी आणि आडनाव ही सारी एकाच रकान्यात पडली, त्यांत लिहिणाऱ्याच्या शुद्धलेखनाची भर पडली, तर नावे लाखांनी वाढणार नाहीत तर काय होईल? धान्यात खडे निघाले म्हणून कोणी पोते फेकून देत नाही, निवडावयास बसतो. ते निवडणे तडीस गेले नाही, याचा दोष उत्तर देणाऱ्याच्या माथी का मारावा?

शिवाय यादी निःपक्षपाती असते, हा भ्रम आहे. १९०१ मध्ये जनगणना आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी सामाजिक मानाप्रमाणे जातींची उतरंड लावण्याचा घाट घातला, तेव्हा वरचे स्थान मागणाऱ्या अर्जांचा वर्षाव झाला. मोजणाऱ्याने शिडी उभी केली आणि मोजले जाणारे तीवर चढू लागले. पुढे १९५६ साली डॉ. आंबेडकरांसमवेत लक्षावधी लोकांनी बौद्ध धर्म स्वीकारला. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २७ लाखांहून अधिक बौद्ध नोंदले गेले. पण तत्कालीन नियमांप्रमाणे बौद्धांची गणना अनुसूचित जातींत होत नसे. ती १९९० च्या दुरुस्तीनंतर होऊ लागली. माणसे तीच, वस्त्या त्याच, दारिद्र्यही तेच. बदलला तो रकाना.

परप्रांती राहणाऱ्या वाचकांना हा प्रश्न दूरचा वाटू नये. अनुसूचित जातींच्या याद्या राज्यवार आहेत, आणि माणूस ज्या राज्यात मोजला जातो तेथील यादी त्याला लागू होते. महाराष्ट्राच्या यादीतील एखादी जात बदलीच्या राज्याच्या यादीत नसेल, तर बदलीच्या हुकुमाबरोबर ती त्या कुटुंबाच्या नोंदीतून गळते. जाधव, पवार, गायकवाड ही आडनावे तर अनेक जातींत आढळतात. ती ऐकून तेथील प्रगणकाने अंदाजाने खूण केली, तर त्या चुकीचा पत्ता कोणाला लागणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. १९४८ चा जनगणना कायदा नागरिकाला आपल्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे उत्तर देण्यास बांधून घेतो. अर्थात उत्तर त्याचे आहे, प्रगणकाचे नव्हे. ते त्याच्याच शब्दांत लिहावे आणि त्यास वाचून दाखवावे. ‘आम्हांस जात नाही’ असे कोणी म्हटले, तर तेही तसेच उतरवून घ्यावे. वर्गीकरण मागाहून, जाहीर केलेल्या नियमांनी व्हावे, आणि ते करताना मूळ शब्द पुसला जाऊ नये. यात श्रम व खर्च आहेत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु राखीव जागांची संख्या ज्या आकड्यांवर ठरते, त्यांच्या बाबतीत काटकसर कसली?

लेखणीच्या जागी आता मोबाईल आला, तरी जबाबदारी तीच आहे. या कामावर ज्यांची नेमणूक होईल त्यांनी समोरच्या माणसाचे उत्तर पुरते ऐकल्यावाचून नोंद करू नये, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे आहे.