पत्त्याचा रकाना

धान घरात आले की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या गोंडपिपरी, पोंभुर्णा, मूल, चामोर्शीकडची माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. मजुरी तोडलेल्या मिरचीच्या वजनावर, मुक्काम शेतातच. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा ती खम्मम, वरंगळकडे होती. काम थांबले, गाड्या थांबल्या आणि हजारो माणसे पोरेबाळे, गाठोडी घेऊन पायी निघाली. शेजारच्या छत्तीसगडमधल्या बिजापूर जिल्ह्यातली १२ वर्षांची मुलगी अशीच तीन दिवस जंगल तुडवत आली आणि गाव जवळ आले असताना १८ एप्रिलला वाटेतच गेली.

इकडे गावोगावी वेशीवर रस्ता अडवायला झाडे आडवी टाकलेली होती. त्याबद्दल गावकऱ्यांना बोल लावण्याची आमची तयारी नाही. दवाखाना गाठायला अर्धा दिवस लागणाऱ्या गावाला स्वतःला वाचवायचा दुसरा उपाय ठाऊक नव्हता. आलेल्यांना शाळेत, वसतिगृहात ठेवले गेले. दारात टेबल, टेबलावर वही: नाव, वय, ताप, पत्ता. मजुराने गावाचे नाव सांगितले आणि चौदा दिवसांनी तो घरी गेला. बल्लारशाच्या फलाटावर किंवा देवळाच्या ओट्यावर झोपणाऱ्याने काय सांगायचे?

योजना नव्हत्या असे नाही. शिवभोजन थाळी ५ रुपयांवर आली. शिधापत्रिका नसलेल्या स्थलांतरितांसाठी केंद्राने मे आणि जून महिन्यांकरिता माणशी ५ किलो धान्य जाहीर केले. पण धान्य तहसीलकडे, निवारा नगरपालिकेकडे, ताप आरोग्य खात्याकडे, आश्रमशाळा आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडे आणि नाका पोलिसांकडे. ज्याची त्याची यादी वेगळी. लसीकरण १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाले; ओळखपत्र नसलेल्यांना लस कशी द्यायची, याची कार्यपद्धती यायला मे उजाडला. ज्यांना दार लावून घरात बसताच येत नव्हते, त्यांची पाळी सर्वांत शेवटी आली.

लाखाच्या वस्तीमागे एक, बारमाही चालणारा निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. २०११ च्या जनगणनेत चंद्रपूर शहराची लोकसंख्या ३ लाख २० हजार होती, म्हणजे किमान तीन निवारे. आमचा आग्रह खाटांपेक्षाही तिथल्या काळजीवाहकासाठी आहे. कोण आठवडाभर खोकतो आहे, कुणाच्या क्षयरोगाच्या गोळ्या संपत आल्या आहेत, कुणाला गर्दीत कोंडले की भ्रम होतो, हे रोज सोबत असणाऱ्यालाच कळते. साथीत अशा माणसाला फलाटावरून उचलून शाळेत नेले, तर त्याच्या गोळ्या कोण पोचवणार? हे आधी ठरलेले नसेल, तर एक साथ रोखताना दुसऱ्या रोगाला आपणच वाट करून देऊ.

छप्पर असलेल्यांनीही हा प्रश्न परका मानू नये. त्याच २०२० च्या ऑगस्टअखेरीस गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले, वैनगंगा ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी भागांत शिरली आणि ऐन कोरोनात भरल्या घरची माणसे एका रात्रीत उघड्यावर आली.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांनी तालुक्यागणिक एका अधिकाऱ्याला नावानिशी जबाबदार धरावे; धान्य, औषध, निवारा यांची यादी त्याच्याकडे एकच असावी. गावात कोण कुठे गेले हे आशाताईंना ठाऊक असते. ते ग्रामपंचायतीच्या वहीत उतरवून तेलंगणातल्या आसिफाबाद आणि भद्राद्री जिल्ह्यांच्या प्रशासनाला कळवावे. नाक्यावर माडिया, गोंडी, तेलुगू बोलणारा माणूस बसवावा. आधार कार्ड मागून मिळेल, आधी जेवण द्यावे. मिरची तोडायला बोलावणाऱ्या मुकादमांचे फोन येऊ लागण्याआधी हे व्हायला हवे. आणि पत्त्याच्या रकान्यात ‘बल्लारशा, फलाट क्रमांक १’ एवढे लिहिले तरी नोंद पक्की धरावी, असा लेखी आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी याच आठवड्यात काढावा.