पाऊण आठे सहा

व्यवहारी गणित म्हणजे कागद किंवा यंत्र हाती न घेता दिवसभरात करावा लागणारा हिशेब. त्यात बेरीज-वजाबाकी येते, पाव-अर्धा-पाऊण येतो, शेकडेवारी येते आणि या साऱ्याला आधार देणारा अदमास येतो. हे गणित समाजातून उतरत चालले आहे आणि त्याबरोबर रोजची समजही कमी होत आहे, अशी तक्रार आज घरोघर ऐकू येते. तिच्यातले तथ्य तपासायचे तर बुद्धी आणि सराव या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. एक कमी झाली म्हणून दुसरीही कमी झाली, असे होत नाही.

नागपूरच्या पूर्व भागातील नंदनवन ही वस्ती हा फरक पाहण्यासाठी सोयीची आहे. अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, महिला महाविद्यालय आहे, शिकवण्यांचे वर्ग आहेत. जगनाडे चौकाच्या आसपास भाजीच्या हातगाड्याही उभ्या राहतात. अशा एखाद्या गाडीवरचा साधा व्यवहार घ्यावा. वांगी साठ रुपये किलो, पाऊण किलो हवीत. टमाटर चाळीस रुपये किलो, दीड किलो. आले एकशेवीस रुपये किलो, अर्धा पाव. वर दहा रुपयांची सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी. जुना भाजीवाला वजन टाकतानाच बोलत जातो: पंचेचाळीस, साठ, पंधरा, दहा, एकशेतीस झाले. गिऱ्हाईक दोनशेची नोट पुढे करते. भाजीवाला म्हणतो, "तीस चिल्लर द्या, शंभर परत देतो." या सगळ्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

या अर्ध्या मिनिटात बरेच गणित आहे. पाऊण किलोसाठी तो साठाला तीनने गुणून चारने भागत नाही. साठातून पंधरा काढतो, कारण पाऊण म्हणजे एकाला पाव कमी. अर्धा पाव म्हणजे किलोचा आठवा भाग. म्हणून एकशेवीसचे निम्मे साठ, त्याचे निम्मे तीस, पुन्हा निम्मे पंधरा. चिल्लर मागताना त्याने दोनशेतीस उणे एकशेतीस ही वजाबाकी आधीच उरकलेली असते. हाच व्यवहार मोठ्या दुकानात झाला तर काटाच किंमत छापतो, यंत्र बेरीज करते आणि पैसे मोबाइलवरून जातात. विकणारा आणि घेणारा या दोघांनाही एकही आकडा मनात धरावा लागत नाही.

तोंडी हिशेबाची ही तयारी मराठी मुलखात मुद्दाम करून घेतली जात असे. पंतोजींच्या शाळेत उजळणी हा शिक्षणाचा कणा होता. मुले पूर्णांकांचे पाढे तर म्हणतच, शिवाय अपूर्णांकांचेही म्हणत. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणाचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडाचा, अडीचकी अडीचाचा आणि औटकी साडेतीनाचा. ज्याला 'पाऊण आठे सहा' पाठ आहे, त्याला ऐंशी रुपये किलोच्या मालाचे पाऊण किलोला साठ रुपये होतात हे सांगायला क्षणही लागत नाही. 'बारा दिडे अठरा' म्हणणाऱ्याला दीड डझनात किती नग हे विचारावे लागत नाही.

हे पाढे पाठांतराच्या हौसेपोटी आलेले नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, शेराचे सोळा छटाक अशी मापे होती. पाव आणि अर्धा यांवर उभ्या असलेल्या नाण्यांत व वजनांत अपूर्णांकाचा पाढा हेच सर्वांत सोपे साधन होते. 1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ किलो, लिटर आणि मीटर आले. दशमान पद्धतीने हिशेब सोपा केला, तिचा फायदा निर्विवाद आहे. पण त्याबरोबर पावकी-पाऊणकीची निकड गेली आणि हळूहळू ती शाळेतूनही गेली. गंमत अशी की बाजाराने पाव आणि पाऊण सोडलेच नाहीत. गिऱ्हाईक आजही पाव किलो आणि दीड किलोच मागते. माप बोलण्यात राहिले आणि त्याचा पाढा तेवढा गेला.

ही परंपरा पंतोजींच्याही फार आधीची आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली 'लीलावती' पूर्ण केली. अंकगणिताच्या या ग्रंथात आरंभीच नाण्यांची आणि मापांची कोष्टके येतात: वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. पुढे त्रैराशिक, व्याज आणि मालाची अदलाबदल येते. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. ग्रहगणित करणाऱ्या भास्कराचार्यांनी बाजारातला हिशेब कमी प्रतीचा मानला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आजच्या शाळेची स्थिती 'असर' या सर्वेक्षणातून कळते. ते ग्रामीण भागातल्या मुलांचे आहे, नंदनवनसारख्या शहरी वस्तीला जसेच्या तसे लागू होत नाही. पण कल त्यातून दिसतो. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येणारी पाचवीची मुले देशात 2018 मध्ये सुमारे 28 टक्के होती. करोनाकाळात शाळा बंद राहिल्या आणि 2022 मध्ये हे प्रमाण 26 टक्क्यांच्या आसपास घसरले. 2024 मध्ये ते सुमारे 31 टक्क्यांवर आले. आठवीत मात्र 2012 मध्ये 48 टक्के मुलांना हा भागाकार येत होता आणि 2024 मध्ये तो 46 टक्क्यांनाच येत होता. मधल्या बारा वर्षांत आकडा वर सरकला नाही. म्हणजे पाया कोसळत नसून तो बऱ्याच मुलांचा नीट घातलाच जात नाही. पाचवीच्या दहांपैकी सात मुलांना भागाकार येत नसेल, तर पुढच्या वर्गांतील शेकडेवारी आणि व्याज त्यांच्यासाठी केवळ शब्द उरतात.

'असर'च्याच 2023 च्या पाहणीत 14 ते 18 वयाच्या मुलांना रोजच्या व्यवहारातली कामे दिली गेली. पट्टीच्या शून्यापाशी ठेवलेल्या वस्तूची लांबी सुमारे 85 टक्के मुलांनी बरोबर सांगितली. तीच वस्तू शून्याऐवजी दुसऱ्या खुणेपासून ठेवली तेव्हा बरोबर सांगणारी मुले 39 टक्क्यांवर आली. शेवटचा आकडा वाचता येणे हे मोजणे नव्हे. सुरुवात कुठे, शेवट कुठे आणि मधले अंतर किती, हे कळणे म्हणजे मोजणे. याच पाहणीत किमान वजाबाकी येणाऱ्या मुलांपैकी सुमारे 37 टक्क्यांना सवलतीनंतरची किंमत काढता आली आणि कर्जाची परतफेड जवळपास 10 टक्क्यांनाच काढता आली.

भाषेचाही यात वाटा आहे. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णवपर्यंतचे बहुतेक अंक उलटे बोलले जातात. एकवीस लिहिताना दोन आधी येतो, बोलताना एक. त्यात त्र्याण्णव, अठ्ठ्याहत्तर यांसारखी जोडाक्षरे. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर तीन' अशी पद्धत जोडून दिली तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी लहान मुलांची अडचण दूर करणे हा हेतू असल्याचे सांगितले होते. मराठीची ओळख असलेले संख्याशब्द टिकले पाहिजेत, ही विरोधकांची भावनाही खरी होती. मात्र इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या अनेक मराठी मुलांना आज 'एकोणसत्तर' म्हणजे किती हेच सांगता येत नाही. आजीने मराठीत सांगितलेला भाव आणि नातवाने इंग्रजीत मोजलेला आकडा यांची गाठ पडत नाही. घरातला तोंडी हिशेब त्या जागी तुटतो.

आता बुद्धीचा प्रश्न. न्यूझीलंडमध्ये राहणारे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी 1984 मध्ये दाखवून दिले की अमेरिकेत 1932 ते 1978 या काळात बुद्धिमापन चाचण्यांचे सरासरी गुण सुमारे 14 अंकांनी वाढले होते. पुढे अनेक देशांत अशीच वाढ दिसली. नंतर काही देशांत उलटी हवा वाहू लागली. नॉर्वेत लष्करी भरतीच्या वेळी घेतलेल्या चाचण्यांचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. 1975 च्या सुमारास जन्मलेल्यांपर्यंत गुण वाढत गेले आणि त्यानंतर जन्मलेल्यांत घटत गेले. ही घट एकाच घरातल्या भावांमध्येही दिसली. आईबाप तेच असताना धाकटा भाऊ मागे पडत असेल, तर कारण रक्तात नाही, वाढण्याच्या परिस्थितीत आहे. 2022 च्या 'पिसा' चाचणीत विकसित देशांतील पंधरा वर्षांच्या मुलांचे गणिताचे सरासरी गुण 2018 च्या तुलनेत 15 अंकांनी उतरले. एवढी घसरण त्या चाचणीत पूर्वी कधी झाली नव्हती. म्हणजे हा प्रश्न नागपूरचा किंवा भारताचा एकट्याचा नाही.

शाळेतले गणित आणि व्यवहारातले गणित यांत किती अंतर पडू शकते, हे ब्राझीलच्या रेसिफे शहरातील 1985 च्या अभ्यासाने स्पष्ट केले. बाजारात नारळ विकणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाला पस्तीसचा एक या भावाने चार नारळांचे किती, असे विचारले. तीन नारळांचे एकशेपाच, त्यात तीस मिळवून एकशेपस्तीस, आणखी पाच म्हणजे एकशेचाळीस, असे त्याने तोंडी सांगितले. हेच गणित पस्तीस गुणिले चार असे कागदावर दिले तेव्हा हातचे दोन आधी मिळवून त्याने उत्तर लिहिले दोनशे. नोबेल विजेते अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत असाच अभ्यास केला. तो 2025 मध्ये 'नेचर'मध्ये आला. बाजारात काम करणारी मुले अवघड व्यवहार मनात करत होती, पण पाठ्यपुस्तकी उदाहरणांत अडत होती. शाळेतल्या मुलांचे नेमके उलट होते. बुद्धी दोन्हीकडे होती. एका मुलाला दुसऱ्याच्या जगातली रीत कोणी दाखवली नव्हती, एवढेच.

यंत्राची भूमिका इथे येते. 2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात 2000 कोटींहून अधिक व्यवहार झाले. चिल्लर मोजणे आणि उरलेले पैसे परत देणे हा लहान मुलांचा गणिताचा पहिला वर्ग होता. दुकानात दहाची नोट घेऊन पाठवलेले मूल परत आले की आई विचारी, किती दिले, किती आले? तो प्रश्न आता विचारला जात नाही. यंत्राने श्रम वाचवले याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. नुकसान आहे ते अदमास जाण्याचे. एका शून्याची चूक झाली आणि 130 च्या जागी 1300 उमटले, तर ते यंत्राला खटकत नाही. ते खटकणारा माणूस समोर असावा लागतो.

आणि आजचा बाजार पूर्वीपेक्षा जास्त गणित मागतो. पन्नास टक्के सवलत आणि त्यावर आणखी वीस टक्के, अशी पाटी लागते. पुष्कळांना ती सत्तर टक्के वाटते. हजाराचे आधी पाचशे होतात, त्याचे चारशे. सवलत साठ टक्केच. एक लाखाचे कर्ज 'फ्लॅट' बारा टक्क्यांनी एका वर्षासाठी घेतले तर हप्ता 9333 रुपये बसतो. दर महिन्याला मुद्दल फिटत असते, तरी व्याज पूर्ण लाखावर धरलेले असते. घटत्या मुद्दलावर मोजले तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. बचत गटातली महिला 'शेकडा दोन महिना' म्हणते तेव्हा ते वर्षाला चोवीस टक्के आहेत हे तिला पक्के ठाऊक असते, कारण वही तिच्या हातात असते. गुळगुळीत कागदावरच्या कर्जाला सही करणाऱ्या पदवीधराला ते अनेकदा ठाऊक नसते. व्यवहारी गणिताची उणीव भासते ती अशा ठिकाणी, आणि तिची किंमत रोख मोजावी लागते.

उपाय मोठे नाहीत. 'निपुण भारत' अभियानाने 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते शाळेचे काम. घराचे काम वेगळे. भाजी घेताना मुलाला बेरीज करू द्यावी. बिल येण्याआधी किती होईल याचा अंदाज विचारावा आणि नंतर यंत्राशी ताडून पाहावा. पाढे म्हणताना पावकी, पाऊणकी, दिडकीही म्हणाव्यात. त्यांना दहा मिनिटे पुरतात. चूक झाली तर रागावू नये, कारण मुले गणिताला भितात ती बहुतेक मोठ्यांच्या रागावण्यामुळे.

समाजाची बुद्धी आटलेली नाही. तिला रोज लागणारा खुराक आपण बंद केला आहे. जगनाडे चौकातला भाजीवाला शाळेत किती शिकला हे कुणी विचारत नाही, पण त्याचा हिशेब चुकत नाही, कारण तो रोज करतो. मुलांच्या हातून हे 'रोज' काढून घेऊ नये. पुढच्या वेळी बाजारात जाताना मूल सोबत न्यावे आणि पैसे देण्याआधी त्याला एवढेच विचारावे: किती झाले?