कंबरदुखीवर लेझर घ्यावा की व्यायाम करावा? संशोधन काय सांगतं

भाताची लावणी उरकली की लांज्यात घरोघरी एक तक्रार ऐकू येते, कंबर धरली. दिवसभर चिखलात वाकून काम केलेलं असतं. चिरेखाणीवर जाणाऱ्यांना तर ऋतूचीही वाट पाहावी लागत नाही. अशात मोबाईलवर रील येतं: ऑपरेशन नको, गोळी नको, लेझर घ्या आणि कंबरदुखी विसरा.

लेझरच्या सिटिंगसाठी रत्नागिरीला जायचं तर एका बाजूने सुमारे चाळीस किलोमीटरचा प्रवास. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरली तर दहा सिटिंगचा हिशोब फीपेक्षा बराच मोठा होतो. म्हणून आधी विचारायला हवं, याचा उपयोग किती?

हा लेझर कापणारा नाही. कमी तीव्रतेचा प्रकाश त्वचेवरून सोडला जातो आणि त्याने पेशींचं काम सुधारतं, सूज उतरते, अशी त्यामागची कल्पना आहे. तिची सुरुवात १९६७ मध्ये हंगेरीत झाली. एन्द्रे मेस्तर या डॉक्टरांना प्रयोगात उंदरांचे भादरलेले केस लेझरमुळे लवकर उगवताना दिसले. उंदराच्या केसांपासून माणसाच्या कंबरेपर्यंतचा हा प्रवास मात्र सरळ झालेला नाही.

२००७ मध्ये इराणमधल्या एका चाचणीत जुनी कंबरदुखी असलेल्या ६१ जणांचे तीन गट केले होते. एकाला फक्त लेझर, दुसऱ्याला लेझर आणि व्यायाम, तिसऱ्याला खोटा लेझर आणि व्यायाम. नुसता लेझर व्यायामापेक्षा सरस ठरला नाही. दोन्ही एकत्र घेणाऱ्यांना बाराव्या आठवड्यात थोडा जास्त आराम होता, पण प्रत्येक गटात जेमतेम वीसेक माणसं. २००८ च्या कॉक्रेन आढाव्यानेही ठाम निष्कर्षाला पुरेसा पुरावा नाही असंच म्हटलं. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये लेझरला यादीत जागा दिली, तीही पुरावा कमी दर्जाचा आहे असं नोंदवून. थोडक्यात, लेझर फसवणूक नाही, पण रीलमधला चमत्कारही नाही.

व्यायामाची बाजू बरीच भक्कम आहे. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात २४९ चाचण्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस केली. कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन आणि अल्ट्रासाऊंडचा शेक नेहमीच्या उपचारात नको म्हटलं. आपल्याकडे पट्टा तर औषधाच्या दुकानात आधी मागितला जातो! २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या चाचणीत, दुखणं नुकतंच थांबलेल्यांना फिजिओथेरपिस्टच्या मार्गदर्शनाने हळूहळू चालणं वाढवायला लावलं. त्यांच्यात दुखणं परत यायला मध्यमानाने २०८ दिवस लागले, इतरांमध्ये ११२.

"शेतात राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न रास्त आहे. लावणीत शरीर तासन् तास एकाच स्थितीत वाकलेलं असतं आणि किती वाकायचं हे काम ठरवतं. व्यायामात ताण तुम्ही ठरवता, थोड्यापासून सुरू करता आणि आठवड्यागणिक वाढवता.

त्यामुळे कुणी लेझर सुचवला, तर सोबत घरी करायचे व्यायाम कोणते आणि ते कसे वाढवायचे, हे तिथेच विचारा. उत्तर मिळालं नाही तर पुढच्या सिटिंगचे पैसे भरायची घाई नको.

मात्र लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली किंवा दुखण्यासोबत ताप असेल, तर लेझर नको, व्यायामही नको. थेट रुग्णालय गाठा, त्याच दिवशी.