‘ज्युलियस’ कुणाचे नाव?

ज्युलियस सीझरमधले ‘ज्युलियस’ हे त्याचे स्वतःचे नाव, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. ट्रॉयच्या एनिअसचा मुलगा इउलुस, त्याच्यावरून हे नाव पडले, असेही सांगतात. दोन्ही मते टिकणारी नाहीत.

पहिल्याचा निकाल लगेच लागतो. सीझरचे स्वतःचे नाव गायुस. ज्युलियस हे कुळाचे नाव आणि सीझर शाखेचे. म्हणूनच त्याची आत्या ज्युलिया, बहिणी ज्युलिया आणि मुलगीही ज्युलियाच.

दुसरे मत अधिक बळकट दिसते. त्यामागे व्हर्जिलचे ‘इनीड’ आहे. शिवाय पूर्वजाच्या नावाला ‘-इउस’ लावून रोमन कुळनावे होत; मार्कुसवरून मार्किउस. मग इउलुसवरून यूलिउस, म्हणजेच ज्युलियसचे लॅटिन रूप, का नको? अडचण उच्चाराची आहे. ‘इनीड’च्या पहिल्या सर्गात एकाच ओळीत ही दोन्ही नावे येतात. वृत्त लावून पाहिले की कुळनावाच्या आरंभी ‘यू’ हे एकच अक्षर भरते. इउलुसमध्ये मात्र ‘इ’ आणि ‘ऊ’ वेगवेगळे मोजावे लागतात. ज्या काव्याचा आधार घेतला जातो, तेच विरुद्ध साक्ष देते. इतिहासकार लिव्हीनेही या पूर्वजाबद्दल ठाम निवाडा दिला नाही. सीझरला मात्र ही वंशावळ हवीच होती, कारण एनिअस हा व्हीनसचा पुत्र. इ.स.पू. ४६ मध्ये त्याने व्हीनसचे देऊळ अर्पण केले, तेही कुलजननी म्हणून.

मग हे नाव आहे तरी काय? ते मुळात विशेषण आहे. लॅटिनमध्ये महिना पुल्लिंगी, म्हणून ‘मेन्सिस यूलिउस’. कायदा स्त्रीलिंगी, म्हणून ‘लेक्स यूलिया’. चौक नपुंसकलिंगी, म्हणून ‘फोरुम यूलिउम’. काळा, काळी, काळे म्हणणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावायला नको. इ.स.पू. ९० मध्ये इटलीतल्या मित्रराष्ट्रांना नागरिकत्व देणारा ‘लेक्स यूलिया’ आला, तो याच कुळातल्या लुकिउसचा. गायुस तेव्हा लहान मुलगा होता. नावाचे मूळ योविस, म्हणजे ज्युपिटर, या देवनावावरून ठेवलेल्या एखाद्या पूर्वजनामात असावे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात.

वंशावळी सत्तेच्या सोयीने लिहिल्या जातात. रोमन कुळांचा इतिहास लिहिताना म्हणूनच प्रत्यय, लिंग आणि वृत्त यांची साक्ष आधी काढली पाहिजे.