आधि आणि व्याधि

आमच्या घरांतून एक वाक्य वारंवार ऐकूं येतें: "तिला कांहीं झालेलें नाहीं, सारें मनाचें आहे." सून असो, आत्याबाई असोत, किंवा परीक्षेला बसलेला मुलगा असो, डोकें दुखतें अशी तक्रार असते, डॉक्टर होतात, रक्ताची तपासणी होते, आणि कोठेंच कांहीं सांपडत नाहीं. मग घरांतील वडील मंडळी या एका वाक्यानें प्रकरण मिटवून टाकतात. मनाचें आहे म्हणजे कांहीं झालेलें नाहीं, हा निष्कर्ष कोणत्या तर्कशास्त्रांतून निघतो, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. या महिन्यांत याच प्रश्नाचा थोडासा विचार वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वस्तुतः आपल्या पूर्वजांनीं अशी चूक केलेली दिसत नाहीं. व्याधि शरीराचा आणि आधि मनाचा असा भेद त्यांनीं केला. अमरकोशकारांनीं आधि शब्दाचा अर्थ मनाची व्यथा असाच दिला आहे. म्हणजे मनाला होते तीहि व्यथाच. योगवासिष्ठांत तर आधीपासून व्याधि कसा उत्पन्न होतो याचें विवेचन आहे. शब्द आमच्या कोशांत राहिले, परंतु घरांतील वागणुकींतून त्यांचा अर्थ निघून गेला.

अलीकडच्या काळांत हा विषय ज्यांनीं चिकाटीनें अभ्यासिला त्यांत आर्थर क्लाइनमन यांचें नांव अग्रभागीं येतें. यांचा जन्म १९४१ सालीं अमेरिकेंत झाला. हे मनोविकारांचे डॉक्टर असून मानववंशशास्त्राचेहि अभ्यासक आहेत, व हार्वर्ड विद्यापीठांत त्यांनीं दीर्घकाळ अध्यापन केलें. त्यांच्या पत्नी जोन या चिनी भाषा व संस्कृति यांच्या जाणकार होत्या. क्लाइनमन यांनीं प्रथम तैवानांत व पुढें चीनमध्यें संशोधन केलें. १९८० सालीं हुनान प्रांतांतील चांगशा शहरीं, तेथील वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांनीं जें काम केलें त्याची हकीकत आमच्या वाचकांस उद्बोधक वाटेल.

त्या काळीं चिनी रुग्णालयांतून 'न्युरास्थेनिया', म्हणजे मज्जातंतूंचें दौर्बल्य, हें निदान फार होत असे. हें नांव मूळचें चीनचें नव्हे. जॉर्ज बिअर्ड नांवाच्या अमेरिकन डॉक्टरानें १८६९ सालीं तें प्रचारांत आणलें. पुढें अमेरिकेंत तें मागें पडलें, परंतु चीनमध्यें चांगलें रुजलें. डोकें दुखणें, झोंप न येणें, चक्कर आणि थकवा हीं त्याचीं लक्षणें. क्लाइनमन यांनीं असें निदान झालेले १०० रोगी तपासले. अमेरिकन वैद्यकाच्या तेव्हांच्या कसोट्या लावून पाहतां त्यांपैकीं ८७ जणांस तीव्र विषण्णतेचा विकार, ज्यास हल्लीं सर्वत्र डिप्रेशन म्हणतात तो, जडलेला आढळला. तथापि मन उदास आहे ही मुख्य तक्रार घेऊन आलेले त्यांत फारच थोडे होते. बहुतेक जण आले होते ते डोकें धरून.

असें कां व्हावें? चीनमध्यें १९६६ पासून १९७६ पर्यंत सांस्कृतिक क्रांतीचें वादळ झालें. त्या वर्षांत मानसशास्त्र हें भांडवलदारांचें थोतांड ठरविण्यांत आलें होतें, आणि मनाचा विकार म्हणजे चुकीच्या राजकीय विचारांचें फळ असेंहि म्हटलें जाई. क्लाइनमन यांनीं रोग्यांस निवांतपणें बोलतें केलें, तेव्हां डोकेदुखीच्या मागचा इतिहास हळूहळू बाहेर आला. कोणाला भर सभेंत धिक्कारलें होतें, कोणाच्या आईबापांचा छळ झाला होता, कोणाचें शिक्षण बुडून त्यास दूरच्या खेड्यांत धाडलें होतें, कोणी वर्षानुवर्षें आपल्या माणसांपासून लांब नोकरी करीत होतें. मी खिन्न आहें असें म्हणणें म्हणजे राज्यकर्त्यांवर रुष्ट असल्याची कबुली देण्यासारखें होतें. शिवाय वेडाचा शिक्का बसून घराण्याला डाग लागे तो निराळाच. डोकें दुखतें असें म्हणण्यांत मात्र यांपैकीं कोणतेंच भय नव्हतें.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. हे लोक सोंग करीत होते असें क्लाइनमन म्हणत नाहींत. डोकें खरोखरच दुखत होतें. जें तोंडानें सांगण्याची सोय नव्हती तें शरीर सोशीत होतें, आणि शरीराच्याच भाषेंत सांगतहि होतें. विषण्णतेवरील औषधें दिल्यावर पुष्कळांच्या तक्रारी कमी झाल्या. परंतु ज्यांच्या घरचा किंवा नोकरीचा पेंच सुटला नाहीं, त्यांचें जगणें तेवढ्यानें सुधारलें नाहीं. गोळीनें झोंप येते, परंतु ताटातूट झालेली माणसें एकत्र येत नाहींत. आपल्या देशांतील रोगाचीं नांवें उचलून दुसऱ्या समाजाच्या माथीं मारणें हीहि एक चूक आहे, असा इशारा क्लाइनमन यांनींच आपल्या लेखांतून दिला आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. या संशोधनावरील त्यांचा ग्रंथ १९८६ सालीं प्रसिद्ध झाला.

वेदनेची एक वाट शरीराची व दुसरी मनाची, ही समजूत आतां वैद्यकानेंहि सोडली आहे. रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल या दोघां शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं असें मांडलें कीं, शरीरांतून येणारी वेदनेची वार्ता मज्जारज्जूंतून जातांना जणूं एका दारांतून जाते, आणि तें दार उघडें ठेवावयाचें कीं लोटून घ्यावयाचें यांत मेंदूचाहि हात असतो. भय, चिंता, लक्ष, पूर्वीचे अनुभव या सर्वांचा वेदनेवर परिणाम होतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें १९७९ सालीं वेदनेची जी व्याख्या केली, तींत संवेदना व भावना या दोहोंस एकत्रच स्थान दिलें.

आतां आमची स्वतःची एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ती सांगतांना आम्हांला संकोच वाटतो. परंतु दुसऱ्यांस उपदेश करणाऱ्यानें ती लपविणें बरें नव्हे. १९९४ सालीं आमच्या सातवीच्या वर्गांत एक मुलगा होता. हुशार, अक्षर वळणदार. पावसाळ्यानंतर त्याचें पोट दुखूं लागलें, आणि तेंहि वर्ग चालूं असतांना. दोनदां घरीं पाठविला, डॉक्टरांनीं तपासला, कांहीं निघालें नाहीं. तिसऱ्या खेपेस आम्हीं त्याला साऱ्या वर्गासमक्ष उभा करून म्हणालों, "हें पोटाचें दुखणें नव्हे, धातुरूपांचें दुखणें आहे." मुलें हंसलीं. तो खालीं बसला, आणि त्या दिवसानंतर त्यानें पोटाचें नांव काढलें नाहीं. आपला उपाय लागू पडला असें आम्हांला वाटलें.

दिवाळीच्या सुटीनंतर त्याची आजी दाखला न्यावयास आली. श्रावणांत मुलाचे वडील अपघातांत गेले होते, इतकें आम्हांला ठाऊक होतें. आजीनें पुढचें सांगितलें. ती बातमी शाळेंत आली तेव्हां शिपाई चिठ्ठी घेऊन वर्गाच्या दारांत उभा राहिला होता, आणि मुलाला तेथूनच नेलें होतें. आईला त्रास नको म्हणून घरांत वडिलांचें नांवहि काढावयाचें नाहीं, असें मुलाला बजावलेलें होतें. तेव्हां आमच्या डोक्यांत लख्ख प्रकाश पडला. सूचनांची वही घेऊन शिपाई ज्या ज्या दिवशीं दारांत येई, त्या त्या दिवशीं त्याचें पोट दुखे. हें आमच्या डोळ्यांदेखत घडत होतें, आणि आम्ही धातुरूपें घोकून घेत होतों. मुलगा आईबरोबर मामाच्या गांवीं गेला. त्याची क्षमा मागण्याचा प्रसंग आम्हांला पुन्हा आला नाहीं.

कोणी म्हणेल, असें सर्वांचें ऐकत बसलें तर घरांत दुखण्यांचें पीक येईल. खोटें सांगणारे असतात, हें आम्ही चाळीस वर्षें वर्गांत काढून जाणतों. परंतु ऐकणें निराळें आणि लाड करणें निराळें. प्रथम शरीराची तपासणी रीतसर करावी, तींत हयगय करूं नये. कारण मनाचें म्हणून सोडून दिलेलें दुखणें पुढें पोटांतलें खरेंच दुखणें निघाल्याचींहि उदाहरणें आहेत. तपासणींत कांहीं न निघाल्यास दुखणें संपलें असें न मानतां विचारपूस करावी. क्लाइनमन व त्यांचे दोन सहकारी यांनीं १९७८ सालीं डॉक्टरांसाठीं कांहीं साधे प्रश्न सुचविले होते: तुम्हांला हें दुखणें कशामुळें झालें असें वाटतें? तें नेमकें तेव्हांच कां सुरू झालें? त्यामुळें तुमचें काय काय अडलें? त्यांतील कोणत्या गोष्टीचें भय सर्वांत अधिक वाटतें? हे प्रश्न विचारावयास वैद्यकाची पदवी लागत नाहीं. मात्र दहा माणसांच्या बैठकींत सुनेला हे विचारणें म्हणजे तिला पुन्हा गप्प करणें होय. माजघरांत, दुसरें कोणी नसतांना, सासूनें किंवा मोठ्या जावेनें विचारावें. आणि उत्तर आपल्याच वागणुकीकडे बोट दाखवील अशी तयारी ठेवून विचारावें. एवढ्यानें न भागल्यास मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेण्यांत घराण्याची अब्रू जाते, ही समजूत सोडून द्यावी.

शेवटीं क्लाइनमन यांच्याच आयुष्यांतील एक प्रकरण सांगून पुरें करतों. त्यांच्या पत्नी जोन यांना साठी येण्यापूर्वींच स्मृति नष्ट करणारा अल्झायमर हा रोग जडला. आजारपणाविषयीं जगाला शिकविणारा हा पंडित पुढें सुमारें दहा वर्षें पत्नीस न्हाऊ घालणें, कपडे घालणें, घास भरविणें हें सारें स्वतः करीत होता. २०११ सालीं त्या निवर्तल्या. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं ही कहाणी लिहिली आहे. जवळ बसणें आणि शुश्रूषा करणें याचा खरा अर्थ त्यांना त्या वर्षांत कळला. आमच्या घरांत तर माणसें पुष्कळ असतात. त्यांतील एकानें तरी रोज थोडा वेळ दुखणाईताजवळ बसावें, आणि तो सांगेल तें मध्यें न बोलतां ऐकून घ्यावें, इतकीच आमची विनंति आहे.