साडीचा घोळ

दर दिवाळीला या पानावर घरच्या घरी करण्याजोगी एखादी वस्तू मी सांगत असतो. आकाशकंदील झाले, पाट-चौरंग झाले, मध्यंतरी खिडकीच्या जाळ्याही झाल्या. यंदाची वस्तू मुळीच शोभेची नाही. शोभेपायीच ती आमच्या घरातून एकदा हद्दपार झाली होती.

झाले असे. चिरंजिवांनी दोन वर्षांपूर्वी जुनी मोटारसायकल घेतली आणि पहिल्याच रविवारी पाना घेऊन तिचे साडीगार्ड उतरवले. म्हणाले, "बाबा, यानं गाडी बायकी दिसते." मी हसलो. नुसता हसलो नाही, तर ते लोखंड रद्दीबरोबर भंगारवाल्याच्या काट्यावर मीच ठेवले. वीस रुपये आले. त्याची भेळ खाल्ली.

गेल्या भाऊबीजेला चिरंजीव आत्याला आणायला धनकवडीला गेले. माझी धाकटी बहीण नारायणपेठी नेसून, मांडीवर करंज्यांचा डबा घेऊन मागे एका बाजूला बसली. वाटेत गतिरोधकाशी गाडी हळू झाली, पुन्हा निघाली, आणि साडीचा घोळ चाकात गेला. वेग नव्हता म्हणून निभावले. कोपराला चार टाके पडले, गुडघा सोलवटला. ओवाळताना तिने निरांजनाचे ताट उजव्या हातात एकटे तोलून धरले. डावा हात गळ्यात बांधलेला होता. मेहुण्यांनी विचारले तेव्हा ती म्हणाली, "माझाच घोळ नीट आवरलेला नव्हता." चिरंजीव ताटाकडे पाहत राहिले, मी भिंतीकडे.

दुसऱ्या दिवशी दोघे दुकानात गेलो. ते मॉडेल बंद झालेले. अस्सल साडीगार्ड "पुढच्या आठवड्यात" मिळणार होते, आणि असे चार आठवडे गेल्यावर आम्ही घरीच करायचे ठरवले. आपल्याला अस्सल मिळत असेल तर खुशाल तेच घ्या, माझ्या कारागिरीचा मला एवढा अभिमान नाही.

साडीगार्ड ही काही हौसेची वस्तू नव्हे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील 123 वा नियम सांगतो की, मोटारसायकलला मागे बसणाऱ्याकरिता धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. म्हणजे भेळ खाल्ली त्या दिवसापासून आम्ही नियमभंगच करीत होतो.

पहिला प्रयोग फसला, तोही सांगतो. माळ्यावर टेबलफॅनची गोल जाळी होती. चाकासारखीच गोल, मला तर हर्षवायू झाला. चिरंजिवांनी तिच्यावर अंगठा दाबला आणि जाळी आत गेली. बसणाऱ्या बाईची टाच लागली की हीच तार स्पोकमध्ये शिरणार! असले गार्ड असण्यापेक्षा नसलेले बरे. तेव्हा पहिली कसोटी ही, की गार्डावर पायाने जोर दिला तरी ते चाकाकडे वाकता कामा नये.

मग शिंप्याच्या वाटेने गेलो. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचा बेत कापला, गाडीला लावून पाहिला, पुन्हा कापला. आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. उभ्या, रिकाम्या गाडीवर माप घेऊ नये. माणसे बसली की शॉकअप दबतात आणि चाक सांगाड्याच्या मानाने वर येते. रिकाम्या गाडीवर चार बोटे वाटणारे अंतर दोन माणसांनी दोनच उरते, खड्ड्यात त्याहून कमी. आम्ही चिरंजीव आणि त्यांचा एक धष्टपुष्ट मित्र यांना बसवून उड्या मारायला लावल्या, आणि मी जमिनीवर आडवा होऊन पुठ्ठा चेनकव्हरला, आसाच्या नटाला नि शॉकअपला कुठे घासतो ते पाहिले. शेजाऱ्यांची चांगली करमणूक झाली.

सामान थोडकेच. चौकटीसाठी दहा मिलिमीटरची लोखंडी सळई वेल्डरकडून बेतावर वाकवून घेतली. आत उंदरांसाठी खिडकीला लावतात ती अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी भरली. तिच्या कापलेल्या तारांची टोके सळईवरून आत वळवून ठोकली. हे विसरलात तर पैठणी चाकाऐवजी गार्डाला अडकेल. जुन्या गार्डाची भोके गाडीला होतीच, त्यांतच पट्ट्या बसवल्या. गाडीच्या चासीला मात्र कोणालाही वेल्डिंग करू देऊ नका. त्या आचेने मूळ लोखंड कमजोर होते. जे जोडायचे ते गाडीबाहेर जोडावे आणि बोल्टाने आवळावे. नट नायलॉकचा घ्यावा, नुसत्या नटाला निदान स्प्रिंग वायसर तरी हवा, कारण गाडीचा थरथराट रात्रंदिवस नट सैल करण्याचेच काम करीत असतो. गंजावर लाल रंग, त्यावर काळा. एकंदर खर्च 460 रुपये, वजा भेळ.

गार्ड लागले आणि मग बहिणीनेच एक गोष्ट दाखवली, जी आम्हा दोघा इंजिनियरांच्या ध्यानात आली नव्हती. बाई डावीकडे तोंड करून बसते तेव्हा तिच्या निऱ्या डावीकडे येतात, तिथे गार्ड असते. पण पदर डाव्या खांद्यावरचा. तो पाठीवरून सुटतो तो थेट गाडीच्या उजव्या अंगाला, जिथे सायलेन्सर आहे आणि गार्ड बहुधा नाहीच! ओढणीचेही तेच. आमच्या आजीच्या नऊवारीला कासोटा होता, ती असती तर सरळ दोन्हीकडे पाय टाकून बसली असती. उजवीकडे आम्ही दुसरी छोटी चौकट लावली, सायलेन्सरपासून चांगली दूर. तिथे प्लास्टिक किंवा रबर लावू नका, वितळते. तरीही पदर कमरेला खोचायचा आणि ओढणीला गाठ मारायची, हे आहेच.

हात लागलाच होता म्हणून मडफ्लॅपही केला. सायकलची ट्यूब त्याला चालत नाही. ती लुळी असते आणि गाडी मागे घेताना चाकाखाली जाते. पंक्चरवाल्याकडे ट्रकच्या ट्यूबखालचा 'फ्लॅप' मागा, जाड रबर असते, बहुधा फुकट देतो. मोठे वायसर घालून दोन बोल्ट मारले की झाले.

एका शेजाऱ्यांनी उत्साहाने विचारले, असेच घरी हेल्मेट दुरुस्त करता येईल का? त्यांचे आतून पिचले होते. मी साफ नाही म्हटले. हेल्मेटच्या आतले थर्माकोलसारखे अस्तर एकदाच चेपण्यासाठी असते, धक्का खाऊन ते संपते. तिथे डिंक, फोम, चिकटपट्टी काही उपयोगाचे नाही. भारतीय मानक 4151 ची खूण पाहून नवे घ्यावे.

परवा गौरींच्या जेवणाला बहिणीला आणायला पुन्हा चिरंजीवच गेले. मला वाटले होते ती रिक्षाने येईल. फाटकाशी उतरली, पदर सोडला, आणि वाकून गार्डावर बोटाच्या पेराने दोनदा ठोकले.

"दादा, हा खालचा नट वाजतोय बघ."

चिरंजीव पान वाढायच्या आत पाना आणायला धावले.